आजच्या तारखेचा व्हिडिओ

सदाशिवरावांच्या गिटारला चार तारा होत्या, आणि फोन करणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचं म्हणणं होतं की दोन तुटलेल्या आहेत.

"काका, दोन तारा गायब हायेत. अर्ध्यात द्या ना."

"बेस गिटार आहे ते, भाऊ. त्याले चारच राह्यते."

"मंग बाकीच्या दोन कुठं भेटतीन?"

वणीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात असे पन्नासेक फोन सहा महिन्यांत येऊन गेले. सदाशिवराव खाणीच्या वजनकाट्यावर तीस वर्षं ट्रक तोलून रिटायर झालेले. लग्न राहून गेलं. खाण कॉलनीचा ऑर्केस्ट्रा होता तेव्हा ते गणपतीत, शारदा उत्सवात बेस वाजवत. पुढं डीजे आला आणि ऑर्केस्ट्रा बसला. कोणी चंद्रपूरला गेलं, कोणी थेट वर गेलं. उरला हा विटकरी रंगाचा बेस, आणि भिंतीवर एक ग्रुप फोटो. त्यात गाणाऱ्या साधनाच्या खांद्यामागे सदाशिवरावांचा एक कान दिसतो. बाकीचे ते कापले गेलेत. बेसवाला मागेच उभा राहतो, त्याला कोण काय करणार!

विकायची जाहिरात मोबाईलवर टाकली होती प्रेरणानं. ती पुतणी, लेक खुशीसोबत अमरावतीला राहायची. दर रविवारी तिचा फोन.

"काका, घराले कुलूप लावा न् इकडं या आता. खुशी रोज विचारते, आजोबा कधी येतीन म्हणून."

"बेस विकू दे आधी."

आणि बेस विकला जाणार नाही याची सदाशिवरावांनी नीट व्यवस्था केली होती. किंमत इतकीच चढवून ठेवली होती की घ्यायची कोणाची हिंमत होऊ नये, पण घासाघीस करायला फोन मात्र करावासा वाटावा. शेवटी काट्यावरचा माणूस. फोन वाजला की ते आधी गॅसवर चहा ठेवत आणि मग उचलत. मुकुटबनचा एक जण तर गिटार राहिली बाजूला, आपल्या सोयाबीनवर चाळीस मिनिटं बोलला. त्या दिवशी सदाशिवरावांना जेवण गोड लागलं.

बाकी दिवसभर काय, तर ओटा झाडायचा. सकाळी झाडला की दुपारी ट्रकांची काळी धूळ परत तिथंच येऊन बसायची. तेवढीच सोबत.

अलीकडे गिऱ्हाइकं व्हिडिओ मागायची. ऑनलाइनवर फसवणूक फार, म्हणून रिवाजच पडला होता. वाजवून दाखवायचं आणि शेजारी कागदावर आजची तारीख लिहून ठेवायची, म्हणजे वस्तू आहे आणि विकणाराही आहे अशी खात्री पटते. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करणाऱ्या सदाशिवरावांना यात काही नवीन वाटलं नाही. साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, कागद लावायचा, पलंगावर बसून दोन मिनिटं वाजवायचं. मागे कपाट, कपाटाजवळ प्लास्टिकची खुर्ची. झाला हयातीचा दाखला.

पहिला बोलला बाभुळगावचा ऋतिक. कॉलेजातलं पोरगं, बँड काढायच्या खटपटीत.

"काका, एक नंबर वाजवता तुमी. फक्त ते मागचे काका पाय आपटून राह्यले ना, त्याच्यानं आवाज नीट नाही येत."

"कोणते काका?"

"खुर्चीवरचे. ताल धरला ना त्यायनं."

सदाशिवरावांनी व्हिडिओ चार वेळा पाहिला. खुर्ची रिकामी होती. पाय कोणाचाच नव्हता. पोरगं किंमत पाडायची नवी तऱ्हा शिकलं, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

चार दिवसांनी यवतमाळचा अब्रार बोलला. साउंड भाड्यानं देणारा, कामाचा माणूस, चेष्टेला त्याच्याकडे वेळ नव्हता.

"चीज अच्छी आहे, सदाशिवभाऊ. पण सौदा कोणासंग करायचा? तुमच्यासंग का त्या साहेबासंग?"

"कोण्या साहेबासंग?"

"खुर्चीवर बसून हायेत ते. बेसवर नजर हाय त्यायची."

सदाशिवरावांचा चहा उतू गेला. गॅस बंद करून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर धुळीचा पातळ थर होता, जसाच्या तसा. "दिसते कसा तो?" त्यांनी विचारलं.

"तोंड नीट नाही दिसत. तुमच्याच वयाचे असतीन. खूश वाटते माणूस."

दुसरा कोणी असता तर घर सोडून पळाला असता. सदाशिवरावांना राग आला. साऱ्या जिल्ह्याला आपल्या घरचा पाहुणा दिसतो आणि आपल्यालाच नाही, म्हणजे काय! त्यांनी खुर्ची पुसून काढली. सकाळी चहा दोन कप केला. एक कप खुर्चीपाशी ठेवला, तो थंड झाल्यावर मोरीत ओतला. मग कोणी न मागता रोज व्हिडिओ करायला लागले, तारीख घालून. ज्यांनी ज्यांनी कधी फोन केला होता त्या सगळ्यांना पाठवायचे आणि खाली लिहायचे, किती जण दिसतात?

बरेच जण चिडले. काहींनी ब्लॉक केलं. सोयाबीनवाल्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ज्यांनी उत्तर दिलं त्या सगळ्यांनी "दोन" लिहिलं.

ऋतिक मात्र खुलासेवार लिहायचा. सोमवारी, खुर्ची पुढं घेतली का त्यायनं? बुधवारी, आज तुमच्या बाजूलेच बसले ना, पलंगावर. शुक्रवारी, काका, ते बी वाजवते का? हात बेसवर आहे त्यायचा.

सदाशिवरावांनी आपल्या शेजारची चादर हातानं चाचपली. सपाट आणि गार होती.

शनिवारचा व्हिडिओ त्यांनी प्रेरणाला पाठवला. अंगात निळा शर्ट होता. वाजवताना ते एकदाही हसले नव्हते, हे त्यांनी व्हिडिओत नीट पाहिलं होतं.

रविवारी तिचा फोन आला तो हसतच.

"काका! किती वर्सानं हसताना पाह्यलं तुमाले! मी तं खुशीले दाखवला, तिनं तीनदा लावला."

"हसलो मी?"

"मंग! पांढरा शर्ट बी शोभून राह्यला. अन् मागं ते कोण बसले हो खुर्चीवर? निळ्या शर्टातले. तोंड काहून असं पडलं त्यायचं?"

सदाशिवरावांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं.

"काका? आहे ना?"

"आहो," ते म्हणाले. मग घाईघाईनं म्हणाले, "प्रेरणा, बेसचं जाऊ दे. मी येतो तुयाकडं. ने मले."

तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. बहुतेक डोळे पुसत होती. "येत्या रविवारी येऊ गाडी घेऊन," ती म्हणाली.

तो आठवडा त्यांनी एकही व्हिडिओ केला नाही. फोन वाजले तरी उचलले नाहीत. पिशवी भरली. बेस त्याच्या खोळीत घालून पलंगावर ठेवला. रविवारी सकाळी दाढी केली, निळा शर्ट इस्त्री करून घातला, कारण दुसरे सगळे पिशवीत होते. पलंगावर सामान, म्हणून बसायला खुर्चीच उरली. ते खुर्चीवर बसले.

साडेअकराला गाडी थांबली.

"आजोबा!" करत खुशी आत धावली. सदाशिवरावांनी हात पुढं केले. ती त्यांच्या बाजूनं सरळ पलंगाकडं गेली आणि तिथं उभी राहून तिनं हवेला मिठी मारली. तिचे हात एका माणसाच्या घेराएवढे गोल झाले आणि तसेच थांबले.

मागून प्रेरणा आली. "वा काका, तयारच आहे तुमी!" ती पलंगाच्या दिशेनं म्हणाली. वाकून तिनं कोणाच्या तरी पायांना हात लावला.

"प्रेरणा," सदाशिवराव म्हणाले. "इकडं पाह्य."

तिनं पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती. परक्या म्हाताऱ्या माणसासाठी असते तशी माया होती.

"नमस्कार. सांगतलं काकानं तुमच्याबद्दल. रोज ऐकाले येत होते ना तुमी? आता करमणार नाही तुमाले."

"अवो, मी सदाशिव. हा मी आहो."

ती पलंगाकडं वळली, काहीतरी ऐकल्यासारखी थांबली, आणि हळूच मान हलवली. आजाऱ्याविषयी कोणी सांगितल्यावर हलवतात तशी.

"बरं," ती म्हणाली.

पिशवी तिनं घेतली. बेस पलंगावरून उचलला गेला. सदाशिवरावांना फक्त खोळ वर जाताना दिसली. खुशी एक हात वर धरून, कोणाचं तरी बोट पकडल्यासारखी, दाराबाहेर गेली.

दारात प्रेरणा वळली. "जाताना दार ओढून घ्या हो काका. चावी शेजारच्या वच्छलाबाईपाशी द्या."

त्यांना उठायचं होतं. पाय उचलला, तो तालात खाली आला. परत उचलला, परत तालात आला.

गाडी गेली. ओट्यावर धूळ उडाली आणि बसली. दाराशी त्यांच्या चपला नव्हत्या.

दिवे लागायच्या वेळेला साखरेच्या डब्याला टेकलेला मोबाईल वाजला. घाईत राहून गेला असावा. नात्यातल्या ग्रुपवर प्रेरणानं फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, काका घरी आले.

सदाशिवरावांनी खुर्चीवरूनच हात लांबवून तो घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला. सोफ्याच्या एका टोकाला प्रेरणा, दुसऱ्या टोकाला खुशी, आणि मधे एका माणसाची जागा. तिथं कोणी नव्हतं.

खुशीला झोप लागली होती. तिचं डोकं त्या मधल्या जागेकडं कललेलं होतं, आणि खाली पडत नव्हतं.