घोकून घेतलेला गुन्हा

'पद्मजा कुठाय?' असं विचारलं की बाळ परचुरे सर एकच वाक्य म्हणत, "मी तिला गॅलरीतून ढकललं." मग रडत. दहा मिनिटांत का रडलो तेही विसरत.

सरांच्या पत्नी पद्मजाबाई गुरुवारी शनिवार पेठेतल्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून पडून वारल्या. शुक्रवारी सकाळीच सरांनी पोलिसांपुढे हे वाक्य म्हटलं. पोलीस खूश. आयता गुन्हेगार कुणाला नको असतो?

शनिवारी सरांची मुलगी ओवी खासगी गुप्तहेर उत्कर्षा साठ्यांकडे आली. "बाबांना उद्या कोठडीत नेणार आहेत. मेंदूज्वर झाल्यापासून दोन वर्षं त्यांच्या डोक्यात नवं काही टिकत नाही हो."

उत्कर्षाबाई मदतनीस शंभूला घेऊन पोचल्या. सरांनी शंभूचा हात प्रेमाने हातात घेतला. त्यांची बोटं सुजलेली होती. पुतण्या आमोदने हात पुढे केला तेव्हा मात्र त्यांनी आपला पाठीमागे लपवला.

"का हो सर?" उत्कर्षाबाईंनी विचारलं.

"काय माहीत. चांगला मुलगा आहे, आमचाच आमोद."

सरांना सांभाळणारी तनया सोमवारीच कामाला लागली होती. "संध्याकाळी मला बाहेर पाठवतात. आमोददादा दार लावून काकांचे पाढे घेतात."

"मेंदूला व्यायाम," आमोद म्हणाला. "महिनाभर घेतोय. गुरुवारी मी खाली होतो. वर ते दोघंच."

"घर अर्धं याचं," ओवी म्हणाली. "आई विकू देत नव्हती."

शंभू कुजबुजला, "बाई, म्हातारा स्वतःच कबूल करतोय की."

"त्यांना विचार, चहा झाला का."

समोरच्या रिकाम्या कपाकडे बघत सर म्हणाले, "नाही बुवा."

"ज्यांना आत्ताचा चहा आठवत नाही, त्यांना परवाचा खून कसा आठवेल?" बाई आमोदकडे वळल्या. "त्यांच्या मेंदूत घटना साठत नाहीत, सवय मात्र मुरते. रोज तेच घोकलं की जीभ शिकते, पण त्याला आठवडे लागतात. सर तर दुसऱ्याच सकाळी घडाघडा बोलले. म्हणजे घोकंपट्टी खुनाच्या आधीपासून चालू होती. तनया सोमवारी आली. महिनाभर घोकून घेणारे आपण. चुकले की बोटांवर पट्टी मारत होतात. मार ते विसरले, हात विसरला नाही."

आमोदने खांदे उडवले. "दुखलं तरी किती वेळ? दहा मिनिटं."

पोलीस त्याला घेऊन गेले. ओवीने बाबांना जवळ घेऊन सगळं सांगितलं. "तुम्ही काही केलं नाही, बाबा." सर खूप रडले, मग शांत झाले.

थोड्या वेळाने त्यांनी घरभर पाहिलं. "ओवी, पद्मजा कुठाय?"

ओवीने तोंड उघडण्याआधीच त्यांच्या जिभेने उत्तर दिलं, "मी तिला गॅलरीतून ढकललं."

आणि सर पुन्हा रडू लागले.