ओलुधेदादाच्या गाडीचा सेन्सर

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवाच अशी गळ मी घालणार नाही. बनवून सांगायचं असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं, आणि यात मी कुठेच बरा दिसत नाही.

यात रात्र नाही, काळोख नाही. जे घडलं ते दिवसाउजेडी, बहुतेक भर दुपारी एकच्या सुमारास, डोक्यावर ऊन असताना. जागा म्हणजे उगुन्जा गावापासून चार किलोमीटरवरची आमची वस्ती. पहिली वेळ एप्रिलमधली. शेवटची वेळ गेल्या शनिवारी.

मी शाळेत गणित शिकवतो. रविवारी चर्चमध्ये गायकांना ताल देतो. गाडीचं काहीही बिघडलं तरी मेकॅनिककडे जात नाही, अंगणातच दुरुस्त करतो, आणि ते चार लोकांना ऐकवतोही. ही खोड आहे माझी.

माझा थोरला भाऊ ओलुधे. त्याची आणि माझी गाडी एकाच वर्षाची, एकाच रंगाची. पांढरी स्टेशन वॅगन. मोम्बासाहून आम्ही दोघांनी एकाच दिवशी आणल्या होत्या.

मार्चमध्ये दादा गेला. हृदय बंद पडलं. चव्वेचाळीस वर्षांचा होता.

त्याची गाडी त्याच्या अंगणात उंबराखाली उभी राहिली. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वस्तू वाटण्याचा एक दिवस असतो. वडीलधारी बसतात आणि कुणाला काय ते ठरवतात. तोपर्यंत त्याच्या घरातला चमचासुद्धा हलवायचा नाही. न्यांग्वेसोकाकांनी गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं.

तीन आठवड्यांनी माझी गाडी बिघडली. थ्रॉटल सेन्सर गेला. पायाखालचं पेडल किती दाबलंय ते इंजिनाला कळवणारी ही काळी डबी, मुठीत मावेल एवढी. ती खोटं सांगायला लागली की इंजिन उभ्या जागी गुरगुरतं, दम टाकतं, पुन्हा गुरगुरतं आणि बंद पडतं.

चर्चच्या दारात सगळ्यांसमोर तीनदा बंद पडली. गायकांतल्या एकानं विचारलं, "गुरुजी, गाडीला नाचायला तुम्ही शिकवलं की मिलिसेंटबाईंनी?" माझी बायको मिलिसेंटही हसली.

नवा सेन्सर नैरोबीहून यायला दोन आठवडे लागणार होते.

दोन आठवडे... फक्त तेवढाच प्रश्न होता. कुणी आजारी नव्हतं, कुठे तातडीनं जायचं नव्हतं. लोक हसतात हे मला सहन होईना, एवढंच.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी मी दादाच्या अंगणात गेलो. अकेयोवहिनी ओमेना विकायला गेली होती. ही बोटभर लांबीची सुकी मासळी विकूनच तिचं घर चालतं. घरी कुणी नव्हतं.

दादाचा कुत्रा मला बघून नेहमी भुंकायचा. त्या दिवशी तो उठला... आणि घरामागे निघून गेला.

गाडीचं डावं दार कधीच नीट लागत नसे. मी आत वाकून बॉनेटचा खटका ओढला. बॉनेटवर हात टेकला आणि मागे घेतला.

पत्रा गरम होता.

उंबराची सावली दाट होती. गाडी तीन आठवडे सुरू झालेली नव्हती. मी स्वतःला समजावलं की सकाळचं ऊन लागलं असेल, आणि कामाला लागलो.

सेन्सरचे दोन स्क्रू असतात. जुन्या गाडीत ते असे गंजतात की हातोडीनं ठोकून ठोकून जीव जातो. मी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो फिरला. दुसरा तर बोटांनीच निघाला.

कुणीतरी आधीच सैल करून ठेवल्यासारखे.

दादा आयुष्यभर मला असाच देत आला होता. शर्ट, सायकल, कॉलेजची फी. मागितलं की हातात. मेलेल्या माणसाकडे मागायचं कसं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी चोरलं. आणि चोरी उघडी पडू नये म्हणून माझा बिघडलेला सेन्सर त्याच्या गाडीत बसवून टाकला.

घरी येऊन दादाचा सेन्सर माझ्या गाडीत लावला. मीटर जोडला. पेडल सुटं असताना आकडा अर्धा व्होल्ट यावा लागतो. तेवढा येईपर्यंत डबी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायची आणि मग स्क्रू आवळायचे. पहिल्याच प्रयत्नात बसला. रविवारी चर्चमध्ये कुणी हसलं नाही.

मे महिन्यात वाटणीचा दिवस आला.

सकाळी अकरा वाजता सगळे उंबराखाली बसले. काकांनी रीतीप्रमाणे एकेकाला विचारलं, "ओलुधेच्या वस्तूला हात लावलास?" माझी पाळी आली.

"नाही, काका," मी म्हणालो. आवाज अजिबात हलला नाही. त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

गाडी वहिनीला द्यायचं ठरलं. ओमेनाची पोती डोक्यावरून वाहण्याचा तिचा त्रास वाचणार होता. काकांनी तिच्या हातात किल्ली दिली आणि सगळ्यांसमोर गाडी सुरू करायला सांगितलं.

इंजिन सुरू झालं. गुरगुरलं... खाली बसलं... पुन्हा गुरगुरलं... आणि बंद पडलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

म्हाताऱ्या बायकांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. काय बिघडलंय ते त्या अंगणात एकट्या मला माहीत होतं. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

"तो हिला देत नाही," काका म्हणाले. आमची आत्या वहिनीकडे वळून म्हणाली, "तू त्याचं मन दुखवलं असशील, बाई. आठवून बघ."

वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. ती खरंच आठवत होती.

मग काकांनी मला बसायला सांगितलं. मी नको म्हणालो. त्यांनी हाताला धरून बसवलं. मला वाटलं, बरं झालं, माझ्या हातूनही बंद पडेल आणि वहिनी सुटेल.

मी किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं... एका लयीत, कुठेही न अडखळता. माझाच बिघडलेला सेन्सर आत होता. तशी चालणं शक्यच नव्हतं.

"बघा," काका म्हणाले. "धाकट्याला देतोय."

लोकांनी माना डोलावल्या. मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी किल्ली खिशात घातली.

गाडी मी घरी नेली नाही. तिथेच राहू दे म्हणालो आणि तिची बॅटरी मात्र काढून आणली. भीती वाटत होती, पण बॅटरी खराब होऊ नये म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर दुपारचा आवाज सुरू झाला.

माझ्या आणि दादाच्या घरामध्ये मक्याचं एक शेत आहे. एकच्या सुमारास त्या शेतापलीकडून यायचा. गुरगुर... मग दम टाकणं... मग पुन्हा गुरगुर... माझ्याच गाडीचा जुना आवाज. तो मी हजारांत ओळखीन.

दादाच्या गाडीची बॅटरी माझ्या पलंगाखाली होती.

मिलिसेंटला विचारलं. ती म्हणाली, "गिरणी आहे ती. दळण चाललंय." मी गिरणीवर जाऊन आलो. गिरणी दुपारी जेवणासाठी बंद असते.

तिकडे वहिनीचं नाव खराब होत गेलं. नवरा जिच्यावर रागावून गेला, तिच्या हातचे मासे कोण घेणार? बाजारात तिच्या पाटीपुढून बायका पुढे जायच्या. मयताच्या घरी गेली तर शेजारी कुणी बसत नसे. मी रोज सकाळी तिच्या घरावरून शाळेत जायचो, दादाचा सेन्सर लावलेल्या गाडीतून. ती हात हलवायची. मीही हलवायचो.

माझा नवा सेन्सर नैरोबीहून केव्हाच आला होता. मी तो कपाटात ठेवून दिला होता. दादाचा त्याच्या गाडीत परत लावायला त्या अंगणात जाण्याची हिंमत नव्हती.

गेल्या आठवड्यात मिलिसेंट म्हणाली की वहिनी सामान बांधतेय. माहेरी चाललीये, रोंगोला, कायमची.

ती हा डाग घेऊन जाणार होती आणि तिथल्या लोकांनाही तो कळणार होता.

शनिवारी मी दादाचा सेन्सर माझ्या गाडीतून काढला, बॅटरी आणि मीटर घेतला आणि निघालो. तेव्हाही कबूल करायला नव्हतो निघालो, हे सांगून टाकतो. गुपचूप बसवायचा आणि म्हणायचं, वहिनी, आता चालते, बघा. वर थोडं कौतुकही पदरात पडलं असतं.

वहिनी अंगणात चटईवर ओमेना पसरत होती. मी म्हणालो, जरा सर्व्हिसिंग करतो.

मी बॅटरी जोडली. माझा सेन्सर काढला, दादाचा बसवला. स्क्रू अर्धवट आवळले. मग तिला हाक मारून किल्ली दिली, आत बसून एकच टप्पा फिरवायला सांगितलं. इंजिन चालू करायचं नव्हतं, फक्त वीज हवी होती. दार उघडल्याचा आवाज आला. मीटरवर आकडा आला.

मी बॉनेटखाली वाकलेलो. समोरचं काही दिसत नव्हतं. मी डबी हळूहळू फिरवली. शून्य पॉइंट चार... शून्य पॉइंट पाच. बसला. मी पहिला स्क्रू आवळायला घेतला.

आकडा वर गेला.

शून्य पॉइंट नऊ... एक पॉइंट दोन... एक पॉइंट आठ. तिथे थांबला.

मी डबीला हातही लावला नव्हता. पेडलपासून येणारी तार बघितली. ती ताणलेली होती. तिच्या टोकाची चकती फिरून तशीच राहिली होती. पाय पेडलवर असल्याशिवाय ती फिरत नाही.

"वहिनी, पाय काढा," मी म्हणालो.

आकडा तसाच.

"वहिनी, पाय पेडलवर पडलाय तुमचा. काढा ना जरा."

"भाऊजी," मागून आवाज आला, "कुणाशी बोलताय?"

मी वळलो. वहिनी चटईपाशी उभी होती. हातात काठी. ओमेनावर कोंबड्या आल्या होत्या, म्हणून किल्ली फिरवून ती लगेच उतरली होती.

मी पुन्हा मीटर बघितला. एक पॉइंट आठ.

गाडीत बघायला मी गेलो नाही. चार पावलं होती फक्त. आजही वाटतं, बघायला हवं होतं... आणि आजही गेलो नसतो.

मी तिथेच, बॉनेटला धरून, वहिनीला सगळं सांगितलं. मंगळवारची दुपार, दोन सैल स्क्रू, बदललेली डबी, काकांना दिलेलं उत्तर. आवाज या वेळी हलला. मी रडत होतो, पण ते सांगण्यासारखं नाही. चोर शेवटी रडतोच.

तिनं मध्ये एकच विचारलं. "म्हणजे त्या दिवशी मी बसले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

कोंबड्या ओमेना खात होत्या. तिनं हाकलल्या नाहीत.

"चार महिने," ती म्हणाली, "मी रोज झोपताना त्यांची माफी मागतेय. कशाबद्दल ते मला कळत नव्हतं. म्हणून लग्नापासूनची एकेक गोष्ट आठवून मागत होते."

मी खाली बघितलं तर मीटरवर शून्य पॉइंट पाच होता. केव्हा उतरला, माहीत नाही.

मी स्क्रू आवळले आणि सुरू करून बघा म्हणालो. तिनं मान हलवली. म्हणाली, आधी सगळ्यांसमोर सांगा, मग बसेन. तोपर्यंत रोंगोला जाणार नाही, पण तुमच्या घरचं पाणीही पिणार नाही.

काकांनी येत्या शनिवारी सगळ्यांना बोलावलंय. अकरा वाजता, उंबराखाली. मिलिसेंटला मी काल सांगितलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

दुपारचा आवाज थांबलाय. त्याचा अर्थ मी लावत नाही. दादा माझ्यावर रागावला होता, की नेहमीसारखी मदतच करत होता, हेही मला ठरवता येत नाही. एक वाजला की मी अजून कान देऊन बसतो.

शनिवारी मी चोरी सांगणार आहे आणि खोटं बोललो ते सांगणार आहे. पेडलचं मात्र तिथे सांगणार नाही. ते सांगितलं तर काका लगेच म्हणतील, बघा, गेलेल्यानंच हे सगळं घडवून आणलं. लोक माना डोलावतील, दादाच्या गोष्टी सुरू होतील, आणि वहिनीचं तोंड कुणी बघणार नाही. मी पुन्हा सुटेन.

म्हणून ते तेवढं इथे लिहिलं. तुम्ही मला ओळखत नाही.