आत्याच्या ट्रेमधली बुटकी रोपं

संशोधन सप्ताहाच्या पाचव्या दिवशी मुगाच्या रोपांनी आमचं नाक कापलं. सोमवारी दोन्ही ट्रेमधली रोपं सारखीच, चार-चार बोटं उंच होती. शुक्रवारी मागच्या ट्रेमधली वीतभर झाली आणि पुढच्यातली, म्हणजे जी तरारून वाढायला हवी होती ती, जेमतेम सहा बोटं.

माझी शर्वाणीआत्या विद्यापीठात चांद्रमातीत (चंद्रावरच्या मातीसारख्या दगडी भुकटीत) रोपं वाढवते. चंद्रावर माणसं राहायला लागून चार वर्षं झाली, पण भाजी अजून पृथ्वीवरून जाते. आत्याने सात वर्षं खपून रोपांना अन्न मिळवून देणारे सूक्ष्मजीव शोधले. ते पुढच्या ट्रेमध्ये घातले होते. मागचा होता नियंत्रण ट्रे (तुलनेसाठी, काहीही न घालता ठेवलेला). माती, पाणी, उजेड सगळं सारखं. शनिवारी चांद्रतळ समिती येऊन सूक्ष्मजीव चंद्रावर न्यायचे की नाही ते ठरवणार होती.

आणि सबंध आठवडा कुणी आत्याला काम करू देईल तर शपथ! रोज फीत कापा, समई लावा, शाल-श्रीफळ द्या. मग पाहुणे संशोधनाला वेळ कसा द्यावा लागतो यावर तासभर बोलणार, आणि तेवढा वेळ संशोधन बंद. आमचा यंत्रमानव एरवी रोज रोपांची उंची मोजून टिपून ठेवतो, म्हणून त्याचं नाव टिपणीस. त्याच्या हातात गुलाबदाणी देऊन त्याला दारात उभं केलं होतं. पाच दिवस एकाही रोपाची उंची मोजली गेली नाही.

"सूक्ष्मजीव चुकले असतील तर चुकले. तसंच लिहू," आत्या म्हणाली. तिच्या या शांतपणाचा मला फार राग येतो. मी तरातरा सप्ताहाच्या प्रदर्शनाच्या दिवाणखान्याएवढ्या दालनात, आमचे ट्रे मांडले होते तिथे, जाऊन बसले. समोर भिंतीवर सप्ताहाचे फोटो लावले होते. कुलगुरू, नगराध्यक्ष, कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष, त्यांचे मेहुणे. प्रत्येकाच्या गळ्यात हार आणि प्रत्येकाचा हात रोपांवर. फोटोग्राफर दर वेळी सांगायचा की साहेब, जरा रोपांवरून हात फिरवा. मग हसू नीट आलं नाही म्हणून पुन्हा फिरवा.

सगळे हात पुढच्याच ट्रेवर होते. मागचा ट्रे आमच्या माहितीच्या फलकाआड होता (वरचे दिवे दोन्हींवर सारखेच), कारण सोमवारी मीच तो तिथे सरकवला होता. आपला ट्रे पुढे दिसावा म्हणून. मला रडू यायला लागलं.

मी आत्याला ओढतच तिथे आणलं आणि सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. रोपांना स्पर्श कळतो का, असं तिनेच मला विचारलं. मी म्हटलं, लाजाळूला कळतो. तर ती म्हणाली की सगळ्यांनाच थोडाफार कळतो, फक्त लाजाळू तो लगेच दाखवते. शेतात रोपाला सारखं कोण हलवतं? वारा. वारा जोराचा असेल तर उंच, बारीक रोप मोडतं. म्हणून सारखं हललं की रोपात संप्रेरकं (शरीरात निरोप पोहोचवणारी रसायनं) कामाला लागतात. निरोप असा की उंची आवर, खोड जाड कर.

मी दोन्ही खोडं बोटाने हळूच वाकवून पाहिली. उंच रोप लगेच कललं. बुटकं ताठ राहिलं.

"म्हणजे सूक्ष्मजीव चांगलेच आहेत ना?" मी विचारलं.

"ते कुठे कळलं? दोन ट्रेंमध्ये एकच फरक असायला हवा होता, ऋता. आता दोन झाले, सूक्ष्मजीव आणि हात. कशामुळे काय झालं, हे सांगता येणार नाही."

सात वर्षांचं काम पणाला लागलेलं, आणि ही बाई एक शब्द वाढवून बोलायला तयार नाही. मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

शनिवारी समिती आली. आत्याने झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला आणि प्रयोग फुकट गेल्याचं कबूल केलं. अध्यक्ष तारकुंडेबाई काही बोलणार तेवढ्यात फोटोग्राफर पुढे सरसावला. "मॅडम, जरा रोपांवरून..." बाईंचा हात सवयीने पुढे आलाच. मी तो मनगटाशी घट्ट धरला.

कुलगुरूंचा चेहरा पडला. बाईंनी मात्र हात मागे घेतला आणि त्या खाली वाकून त्या बुटक्या खोडांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"चंद्रावरच्या काचघरात वारा नसतो," त्या म्हणाल्या. "तिथली आमची रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. खत बदललं, दिवे बदलले. हात फिरवून बघावं असं कुणाला सुचलं नाही."

त्यांनी आत्याला दोन महिने दिले. आता चार ट्रे आहेत. एकात नुसती चांद्रमाती, एकात सूक्ष्मजीव, एकाला फक्त हात आणि एकात दोन्ही. चारही एकाच रांगेत, फलक नाही. त्यांची तुलना केली की कोणत्या फरकाने काय होतं ते कळेल. सूक्ष्मजीव नापास झाले तर आत्या तसंच लिहील, आणि आता मला त्याचा पूर्वीइतका राग येत नाही.

टिपणीसच्या हातातली गुलाबदाणी मी स्वतः काढून घेतली. रोपांवरून हात फिरवायचं काम त्याचंच आहे, आणि सगळं ठीक झालं तर चंद्रावरही तोच जाणार आहे. हात कसा फिरवायचा ते तो भिंतीवरचे फोटो बघून शिकला. त्यामुळे प्रत्येक रोपापाशी तो मान वळवतो, हसतो आणि फोटो निघेपर्यंत थांबतो.