काबऱ्या जेवला का?

शिरपूरच्या बसस्टँडसमोर निर्मलकुमारचं औषधांचं दुकान होतं, आणि ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, पाच वाजले रे वाजले की तो गल्ला नोकरावर सोडून घरी पळायचा. हिवाळ्याचे दिवस, सूर्य लवकर बुडायचा. शेजारचे दुकानदार टिंगल करायचे. "शेठ, बायको तर बाळंतपणाला जळगावला माहेरी गेलीय, मग घरी एवढं कोण वाट बघतंय?"

वाट बघायची ती भुवा. भुवा म्हणजे आत्या, झमकूबाई. लहानपणीच कपाळ पुसून माहेरी परत आलेली, आणि आई गेल्यावर निर्मलकुमारला तिनेच वाढवलेलं. सूर्य बुडाला की तिच्या तोंडात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. हे तर जैनांच्या घरोघर असतं हो. पण भुवाने महाराजसाहेबांसमोर हात जोडून वर आणखी एक नेम घेतला होता. दारातलं मुकं जनावर जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आधी काबऱ्याचा फुलका, मग आपलं ताट, आणि सगळं दिवस मावळायच्या आत. निर्मलकुमार सायन्स शिकलेला. या गोष्टींना तो हसत नसे, पण मानतही नसे.

काबऱ्या हा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा गावठी कुत्रा. दुष्काळात कुठून तरी हाडं मोजत आला आणि भुवाच्या ओट्यावर बसला तो बसलाच. त्याच्यासाठी तिने सोनगीरहून पितळेची वाटी आणवली होती. दुष्काळ सरला आणि पुढच्या दिवाळीत त्याच्या नाकावर गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी, मग लिंबाएवढी. शिंकला की भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडायचे.

धुळ्याचे जनावरांचे डॉक्टर देवरे म्हणजे हौशी माणूस. त्यांनी गाठीचा तुकडा काचेवर घेऊन पाहिला. "कॅन्सरच आहे शेठ. पण तोंड पाडू नका. सदाफुलीपासून काढलेलं एक औषध निघालंय. माणसांना देतात, आणि बाहेरच्या देशात कुत्र्यांवरही चालवून पाहिलंय म्हणे. दर आठवड्याला एक, अशी सहा इंजेक्शनं देऊ. मी जबाबदारी घेतो."

औषध निर्मलकुमारने मुंबईहून मागवलं. भुवाला त्यातलं एवढंच कळलं की ते सदाफुलीचं आहे. अंगणातल्या सदाफुलीकडे बघून तिने हात जोडले आणि एकच गोष्ट मागितली. "बेटा, बरा नाही झाला तरी चालेल. पण त्याला मारायचं नाही. त्याचं आयुष्य त्यानंच संपवावं."

"नाही मारणार, भुवाजी." तिच्या पायाला हात लावून निर्मलकुमार म्हणाला.

मग दर सोमवारी धुळ्याची वारी सुरू झाली. झिपरू ड्रायव्हर ओळखीचा, म्हणून कुत्र्याला एसटीत घेई. आपल्या सीटमागे तो गोणपाट अंथरायचा आणि काबऱ्या त्यावर मुकाट्याने बसायचा. सावळद्याला तापीचा पूल आला की मात्र मान उचलून नदीचा वारा हुंगायचा. तिसऱ्या इंजेक्शननंतर गाठ निम्मी झाली. डॉक्टर तर टेबलाभोवती पोरासारखे नाचले.

पण निर्मलकुमार कंटाळला होता. आता हे कोणाला सांगणार? उतारू नाकं मुरडायचे. बाजारात तर त्याचं नावच 'कुत्र्याचा कंपाउंडर' पडलं होतं. सोमवारचं दुकान बुडायचं ते वेगळंच. चौथ्या खेपेला नरडाण्याच्या पुढे काबऱ्या ओकला, तो नेमका एका म्हातारबाबांच्या कोऱ्या धोतरावर. म्हातारबाबांनी निर्मलकुमारच्या खानदानाचा उद्धार केला आणि अख्खी गाडी हसली. धुळ्याला उतरला तेव्हा त्याचं डोकं भणभणत होतं.

डॉक्टर सिरिंज भरत होते. निर्मलकुमार म्हणाला, "राहू द्या. सोडवा त्याला. हाल बघवत नाहीत."

डॉक्टर थांबले. "अहो, गाठ उतरतेय! दोनच राहिलीत याच्यानंतर. झमकूबाईंना विचारलंत?"

"त्यांनीच सांगितलंय."

डॉक्टरांनी भरलेली सिरिंज बाजूला ठेवली. मग त्यांनी दुसरी बाटली काढली. "पाय धरा. पुढचा, उजवा. घट्ट."

निर्मलकुमारने पाय मुठीत धरला. काबऱ्याला वाटलं, नेहमीचंच टोचणं. तो हललासुद्धा नाही. उलट मान वळवून त्याने ती मूठ चाटली, सावकाश, दोनदा. मग पाय जड झाला. डॉक्टर "झालं" म्हणाले तरी मूठ काही सुटेना, शेवटी त्यांनीच ती सोडवली.

परतीच्या गाडीत झिपरूने रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं. "शेठ, काबऱ्या कोठे?"

"डॉक्टरांनी ठेवून घेतलाय. बरा होईपर्यंत."

ही लबाडी पहिल्यांदा बोलली ती झिपरूशी. घरी येईस्तोवर ती तोंडात बसून गेली होती. भुवाने शांतपणे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ फडक्यात तुपाचा फुलका बांधून बसस्टँडवर येऊन उभी राहिली. "झिपरूभाऊ, दवाखान्यात पोचव रे. तो जेवल्याशिवाय मी कशी जेवू?"

भुवा वळल्यावर निर्मलकुमारने झिपरूला बाजूला घेतलं. "दवाखाना लांब पडतो. स्टँडवरच एखाद्या कुत्र्याला टाकत जा." झिपरूने मान हलवली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. दुपारी झिपरू रिकामं फडकं आणून द्यायचा. पाचला निर्मलकुमार घराकडे पळायचा. भुवा ताट झाकून ओट्यावर बसलेली असायची, एक डोळा मावळतीकडे.

"काबऱ्या जेवला का?"

"जेवला, भुवाजी."

मग ती जेवायची. आपण एका म्हातारीचा नेम रोज आपल्या हाताने मोडतोय आणि तिला त्याचा पत्ताही नाही, हे त्याला कळत होतं. पण खरं सांगितलं तर ही बाई अन्नाला शिवणार नाही, हेही कळत होतं. ती विचारी, "गाठ कशी आहे?" आणि तो सुचेल ते सांगे. म्हणे उतरतेय. म्हणे आता सुपारीएवढी राहिली.

त्याच सुमाराला त्याचा उजवा हात बिघडला. सकाळी उठला की मूठ वळलेली असायची. एकेक बोट डाव्या हाताने सोडवावं लागायचं. तळवा गरम लागायचा. झोपेत शिरा आखडत असतील, असं म्हणून त्याने मलम चोळलं. आठवडाभरात दुकानातही मूठ वळायला लागली. डाव्या हाताने औषध दिलं म्हणून बोहनीचं गिऱ्हाईक भडकून निघून गेलं.

एका दुपारी फडकं देताना झिपरू म्हणाला, "शेठ, तुम्हना काबऱ्या आते झकास व्हयना बरं!"

"कोणता काबऱ्या?"

"तुम्हनाच. धुयाले गाडी उभी ऱ्हायनी का पयत येस. बठ्ठा फुलका खाई लेस आणि चालना जास."

निर्मलकुमारने ओठावरून जीभ फिरवली. "ठिपक्याठिपक्यांची कुत्री काय कमी आहेत धुळ्यात?"

झिपरूला राग आला. "मी काय आंधया शे का? मन्हा सीटमागे बशे तो. नाकवर गाठ नही का? आते सुपारीएवढी ऱ्हायनी शे."

सुपारीएवढी. हा शब्द त्याने घरात भुवाशिवाय कोणाजवळ काढला नव्हता. भुवाने झिपरूला सांगितलं असेल. दुसरं काय असणार? त्याने मनाची समजूत घातली. पण त्या संध्याकाळी त्याने मुद्दाम भुवाला काहीतरी वेगळंच सांगितलं. "गाठ आता वाटाण्याएवढी झालीय." आणि दुसऱ्या दिवशी भुवा बसस्टँडवर यायच्या आत, स्वतः फुलका घेऊन तो झिपरूच्या गाडीकडे गेला.

दुपारी झिपरूने फडकं हातात ठेवलं. निर्मलकुमारने काही विचारलं नव्हतं.

"वाटाणा ऱ्हायना फक्त," झिपरू म्हणाला.

दुकान तसंच टाकून निर्मलकुमार मिळेल त्या गाडीने धुळ्याला गेला. डॉक्टर दवाखान्यात एकटेच होते. त्याला पाहून ते दचकले, आणि मग जणू त्याचीच वाट पाहत असल्यासारखे उठले.

"बरं झालं आलात. मागच्या लिंबाखाली पुरलाय मी त्याला, माझ्या हाताने. ती माती तशीच आहे, मी जाऊन बघितलं."

"बघितलं? का?"

डॉक्टरांनी कपाटातून काचेची बरणी काढली. "गाठ कापून ठेवली होती. मुंबईच्या कॉलेजला पाठवणार होतो. औषधात ठेवलेलं मांस थोडं आकसतं, हे मला माहीत आहे. पण असं नाही."

बरणीत पिवळसर पाणी होतं. तळाशी वाटाण्याएवढा एक गुलाबी दाणा होता.

"मागच्या सोमवारपासून कमी होतंय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "सोमवारी, शेठ. इंजेक्शनच्या दिवशी. अजून एक सोमवार... म्हणजे उद्याच. मग सहा पूर्ण होतील." त्यांनी बरणी परत ठेवली. "तो बरा होत होता हो. मी तुमचं ऐकायला नको होतं. झमकूबाई खरंच म्हणाल्या होत्या का तसं?"

निर्मलकुमार तसाच बाहेर पडला. रात्र त्याने धुळ्यातच धर्मशाळेत काढली. शिरपूरच्या एका गाडीबरोबर त्याने भुवाला निरोप धाडला होता, काबऱ्या जेवला म्हणून. ही शेवटची लबाडी, असं त्याने स्वतःला बजावलं. उद्या घरी जायचं, भुवाच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगायचं. मग ती उपाशी राहो, शिव्याशाप देवो, घराबाहेर काढो.

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या गाडीत चढला. गाडी झिपरूचीच होती. झिपरूने त्याच्याकडे, मग त्याच्या पायांकडे पाहिलं आणि खूश होऊन हसला.

"घर लयी चालनात ना? बेस व्हयनं. म्हातारी कवयनी वाट पाही ऱ्हायनी." आणि त्याने काबऱ्यासाठी सीटमागे गोणपाट अंथरलं.

निर्मलकुमार पार मागच्या बाकावर जाऊन बसला. सोनगीरला एक बाई पितळेच्या भांड्यांचं बोचकं घेऊन चढली. गोणपाटाजवळ येताच तिने लुगडं सावरलं, पाय बाजूला घेतले आणि वळसा घालून पुढे गेली. गोणपाट रिकामं होतं. मधोमध मात्र दबलेलं होतं.

सावळद्याच्या पुलावर नदीचा वारा आत आला. गोणपाटाचा खोलगट भाग हळूच वर उठला. पूल संपल्यावर पुन्हा दबला.

शिरपूरला तो सगळ्यांत शेवटी उतरला. घरापर्यंत मागे वळून पाहायची त्याची छाती झाली नाही. सूर्य अजून बराच वर होता. आधी सांगायचं, मग बसायचं, असं घोकत तो ओटा चढला.

भुवा जेवत होती.

"आलास? मी बसले बेटा. तुझी वाट नाही पाहिली."

"भुवाजी... तुम्ही जेवताय?"

"मग? तो जेवला ना. तुझ्या पुढेच तर आला धावत." तिने दाराकडे बोट दाखवलं. पितळेची वाटी चाटूनपुसून लख्ख झाली होती. तिच्यात अजून ओल होती.

निर्मलकुमार उंबऱ्यावरच टेकला. घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"गाठ कुठे होती ते कळतसुद्धा नाही," भुवा समाधानाने म्हणाली. "हात फिरवून पाहिला मी. औषध लागू पडलं हो त्या डॉक्टरचं. तुझे उपकार कुठे फेडू?"

"भुवाजी, ऐका. मला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक. एक खोट राहिली बघ." तिने घास थांबवला. "पुढचा उजवा पाय टेकत नाही. वरच धरून असतो. दुखत नाही, सूज नाही. नुसता टेकत नाही."

तिच्या चुलीपुढे कणीक चाळलेली होती. पीठ फरशीवर पसरलं होतं. पिठात पावलं उमटली होती. दाराकडून वाटीपर्यंत, वाटीपासून भुवाच्या मांडीपर्यंत.

दर खेपेला तीनच.

"कोणी धरला होता का रे तो पाय?" भुवाने विचारलं.

मीच, असं म्हणायला निर्मलकुमारने तोंड उघडलं. उजवा हात मांडीवर होता. मूठ वळलेली होती, कधी वळली ते त्याला कळलं नव्हतं. डाव्या हाताने त्याने ती उघडायचा प्रयत्न केला. बोटं हलेनात.

भुवा त्याच्या मुठीकडे बघत होती.

मुठीवर काहीतरी ओलं, गरम फिरलं. सावकाश, दोनदा.

मग मुठीच्या आतून कोणीतरी, पाय सोडवून घ्यावा तसा, हलकेच हिसका दिला.