पैलतीरावरचा दीर

"डोमा, त्याले इकडं आणशीन तं तुले या मेल्या मायची आण हाय!"

रुखमाच्या शब्दासरशी म्हातारा डोमा नावाडी जागीच थिजला. अठ्ठ्याहत्तर सालचा भादवा, वैनगंगेच्या दोन फुगलेल्या धारांत वेढलेलं ते बेटावरचं गाव, आणि पलीकडच्या काठावर छाती पिटत उभा असलेला तिचा धाकटा दीर कृष्णराव... "वहिनी, मायचं तोंड पाहू दे वं!" इकडे त्याच्या आईची चिता रचून झाली होती.

पाहू दे! तिनं तरी कुठं पाहिलं होतं आपल्या एकुलत्या लेकाचं, इश्वरचं तोंड? ती लग्न होऊन आली तेव्हा रांगत असलेल्या या दिराला तिनं कडेवर वाढवलं, नवरा गेल्यावरही पोटाला चिमटा घेऊन शिकायला पैलतीरी धाडलं. आणि तुमसरच्या राइसमिलात मुकादम होताच त्यानं तिचंच पोर नेलं! "हो, मीच नेलं," असं तोंडावर सांगितलंही होतं मेल्यानं. मग इश्वरच्या मागोमाग घरोघरची पोरं गेली. मिसरूड फुटलेला पोरगा गावात औषधालाही उरला नाही, चिखलात धानाची रोपं लावायचा रोवणा वाकलेल्या आज्या करू लागल्या, आणि आज सासूची तिरडीही धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यांनीच उचलली होती. या उजाडीचा धनी एकच! त्याच्या डोळ्यांदेखत तिनं त्याच्या चुलतभावाच्या हातून चितेला अग्नी देववला. जळू दे त्याचंही काळीज!

दशक्रियेच्या दिवशी डोमाच्या डोंग्यातून इश्वर आला. रुखमानं त्याला छातीशी कवटाळलं.

"सोडलं का रे तुले त्या कसायानं?"

इश्वर तिच्या पायांशी कोसळला. "माय, काकानं नाही नेलं... मीच पळून गेलो! बेटावर कोन पोरगी देते? काका तं मले परत आणून राहिला होता. मी म्हणलो, नेशीन तं डोहात उडी घेतो. मंग तो म्हणला, लेक टाकून गेला हे वहिनीले सांगू नोको, ते जीव देईन. माह्यावरच राग काढू दे तिले..."

रुखमाचा हात उगारला गेला, पण तो कोणावर उगारायचा हेच तिला कळेना. अरेरे, निरपराधाला जाळलं तिनं! लेकाला तिथंच टाकून ती घाटाकडे धावली आणि डोमाच्या हातातला बांबू हिसकावून तिनं स्वतःच डोंगा लोटला.

कृष्णराव तुमसरला परतलाच नव्हता. डोकं भादरून, बेटाकडे तोंड करून तो वाळूत पिंड मांडत होता.

"किस्ना... चाल घरी!"

"वहिनी, मी तिकडं आलो तं तुझी आण मोडते ना वं! डोमानं सांगितलं मले."

"मोडू दे! लेकाचा गुन्हा तुह्यावर काढला रे मी... तुले मायले खांदा देऊ देला नाही!" तिनं त्याचे दोन्ही हात कपाळाशी धरले. "माह्या वेळेस तरी येजो, बाप्पा. गावात मले उचलाले आता कोनी नाही."

कृष्णरावानं तिला धरून डोंग्यात बसवलं, आणि बांबू आपल्या हातात घेतला.