झाळ उतरवलेला डबा

गोजरबाईच्या घराला दार नव्हते. शिंगणापुरात कोणाच्याच घराला नव्हते; शनिदेवाच्या धाकाने तिथे कोणी चोरी करत नसे. म्हणूनच भाच्याने, रंगनाथने, तेलाचा तो डबा तिच्याकडे ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळी दुष्काळी कामावरून खडी फोडून ती परतली, तेव्हा डबा जागच्या जागी होता. फक्त रिकामा.

शनिवारी सकाळी फौजदार राधाकृष्ण देव्हारे त्या डब्यापुढे उकिडवे बसले. बाहेर पावसाची आशा सोडून दिलेले आकाश राखेसारखे पसरले होते.

"रंगनाथ, काय होतं यात?"

"आमच्या कंपनीचं 'शुद्ध' करडईचं तेल, साहेब. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेलं. मीच भरत होतो. माणसं सुजायला लागली, तशी कंपनीनं ती खेप दुकानांतून उचलून गडप केली. आता नवी भरतायत. सोमवारी नगरला तपासणीसांपुढं हा एकच झाळबंद डबा ठेवायचा होता."

भिंतीला टेकून त्याची बायको चांगुणा बसली होती. तिची पावले सुजून चकाकत होती. ते तेल त्यानेच घरी आणले होते.

देव्हाऱ्यांनी डब्याच्या तोंडावरून बोट फिरवले. पत्रा कुठेही फाटला नव्हता. तोंडावरची कथलाची झाळ वितळवून झाकण अलगद उतरवले होते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तेलाचा थेंब नव्हता.

"गोजरबाई, आणखी काही?"

"सकाळी चूल इझवून गेल्ते. आले तं राख गरम. म्हणलं, कुनी पावन्यानं च्या केला आसंल."

घरच्यांखेरीज डबा इथे असल्याचे दोघांनाच ठाऊक होते: तो इथवर आणणारा ट्रकचालक शमशेर आणि याच गावात जन्मलेला, कंपनीत डबे झाळणारा कानिफनाथ. दोघांनाही बोलावणे गेले.

"शमशेर, झाळलेला डबा कसा उघडशील?"

"पान्यानं ठोकून. दुसरं काय? आन साहेब, चोरायचाच आसता तं ट्रक हुता की माझ्याकडं. रिकामा डबा परत मांडून ठेवाया मी काय येडा हाय?"

"कानिफ, तू?"

"म्या तं फॅक्टरीत हुतो." त्याचे डोळे शनीच्या चौथऱ्याकडे गेले. तिथे उघड्यावर उभ्या शिळेवरून भक्तांचे तेल संथ ओघळत होते.

देव्हारे उठले.

"पान्याने ठोकला असता तर पत्रा फाटला असता. ज्याचा हात झाळीवरच बसलेला आहे, तो सळई तापवतो. चूल त्यासाठीच पेटली. पण तेल घरात सांडले नाही. आणि डबा परत का आला? परका चोर तो घेऊन पसार झाला असता. या गावातून वस्तू नेणाऱ्याला देव सोडत नाही, हे ज्याच्या हाडांत भिनले आहे, त्याला डबा वेशीबाहेर नेववला नाही. त्याने तेल देवालाच वाहिले. कानिफ, चोरी टाळलीस तू. पुरावा मात्र संपवलास."

कानिफने चौथऱ्याकडे हात जोडले.

"मालक म्हनले, तेल घालवलंस तं नोकरीत कायम करतो. देवाला वाहिलं तं चोरी न्हाई, आसं वाटलं मला."

 हात पोचणार नाही अशा खोल विहिरीत डोकवावे, तसा रंगनाथ रिकाम्या डब्यात पाहत राहिला.

"भावजी," चांगुणा कानिफला म्हणाली, "हिकडं बघा."

तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो भरेना.

"तुमचा देव तेल घेतो. ह्ये बी घेतो का?"

कानिफने तोंड झाकून घेतले. 

"लिवा, सायेब," तो अखेर म्हणाला. "उचललेली खेप फोडली न्हाई आजून. सोनईच्या गोदामात हाय, पेंडीच्या पोत्यांमागं. समदे डबे झाळबंद. झाळ माझ्याच हातची."