एक टक्का धूळ

"यातला कुठला घेऊ ते सांगा," शाल्मली म्हणाली. "आणि जाहिरातीतलं काही सांगू नका. ते मला पाठ आहे."

नाशिकच्या धूळविज्ञान प्रयोगशाळेतल्या लांबलचक टेबलावर तीन धूळशोषक ओळीने मांडून ठेवले होते. दर शनिवारी ही प्रयोगशाळा लोकांच्या शंकांसाठी उघडी असे, पण वही घेऊन येणारं गिऱ्हाईक डॉ. यास्मिन बागवान यांनी पहिल्यांदाच पाहिलं. शाल्मली बेंद्रेच्या वहीत सतरा प्रश्न होते. ओढ किती, आवाज किती, गाळणी किती दिवसांनी बदलायची, ब्रशला केस गुंडाळले तर ते सोडवत कोणी बसायचं. अठरावा प्रश्न तिने लिहिला नव्हता. तो तिने तोंडीच मांडला.

"माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. जुई. गेल्या महिन्यात दुपारी खेळता खेळता तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. ओठ निळे पडले. आमच्या सोसायटीतल्या चाळीस मुलांपैकी बारा जणांना हे झालंय."

"अनोळखी-दमा," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कुठलं यंत्र आहे?"

"हे." शाल्मलीने टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र यंत्राकडे बोट दाखवलं. त्यावर ठळक अक्षरांत 'शून्य' लिहिलेलं होतं. "चार महिन्यांपूर्वी सोसायटीने भाड्याने आणलं. आता ठराव केलाय, प्रत्येकाने विकतच घ्यायचं. सचिव देवस्थळी म्हणतात, एका घरात धूळ राहिली तर सगळ्यांच्या पोरांना धोका. मी भर सभेत सांगितलं, ठराव तुमच्या ऑफिसात लावा. माझ्या पोरीचा श्वास बहुमतावर चालत नाही."

डॉक्टर हसल्या. "बारा मुलं आजारी पडली ती यंत्र येण्याआधी की नंतर?"

शाल्मलीने बोटांवर महिने मोजले. "नंतर."

"बसा." डॉक्टरांनी स्टूल पुढे सरकवलं. "घरातली धूळ म्हणजे निव्वळ घाण नव्हे. तिच्यात माणसं असतात. आपल्या त्वचेचे कण सतत झडत असतात. बाळ त्यांत रांगतं, तेच श्वासातून आत घेतं, आणि त्याचं शरीर हजेरी मांडतं. हा रोज दिसतो, हा आपला. ही रोज दिसते, ही आपली. दीड वर्षापर्यंत हे चालतं. त्याला आम्ही ओळखकाळ म्हणतो. या काळात एखादा दोन-तीन महिने दिसला नाही, तर शरीर त्याची हजेरी खोडून टाकतं. दीड वर्ष झालं की पट मिटला. मग त्यात नाव घालणं महाकठीण."

"आणि 'शून्य' सगळंच उचलतो."

"सगळंच. पटावर कोणी उरत नाही. मग आजोबा परके, शेजारचं मांजर परकं. शरीर प्रत्येकाशी लढायला उठतं, आणि लढाई होते छातीत."

"मग झाडू मारते झालं!"

"तुमचं घर कुठे आहे?"

"महामार्गाला लागून."

"मग काजळी आहे, भिंतीत बुरशी असणार. ती राहून चालणार नाही." डॉक्टरांनी तिसरं, करड्या रंगाचं बुटकं यंत्र पुढे ओढलं. "हा 'पारखी'. घरभर आपला आपण फिरतो, वाट अडली तर बोलतोही. याच्या पोटात कणवाचक आहे. काजळी, बुरशी, कीटकनाशकं उचलतो. माणसांचे कण मात्र तोलतो. ज्याचा वाटा एक टक्क्याच्या वर, तो घरातला. त्याचे कण ठेवतो. त्याखालचे परके. पाहुणे, कुरिअरवाला वगैरे. ते उचलतो. रोज शंभर जणांची ओळख करून द्यायला गेलं तर बाळाचं शरीर गोंधळतं."

शाल्मलीने वहीत लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "घरातल्यांची नावं आपणच आधी भरून देता येत नाहीत?"

"नाव धुळीला कळत नाही. जुईच्या शरीरालाही नाही. दोघांना कळतं ते फक्त प्रमाण."

हे उत्तर शाल्मलीला फार आवडलं. कुणाची भीडभाड न ठेवणारं यंत्र तिला हवंच होतं. तिने 'पारखी' घेतला. देवस्थळींची नोटीस दाराला चिकटली, ती तिने काढून उलट बाजूला भाजीची यादी केली. दुसरी आली, तिच्यावर किराण्याची. मधल्या काळात सोसायटीत आणखी चार मुलं आजारी पडली. जुईची शिट्टी थांबली होती. मग एकेक आई जिन्यात गाठून हळूच विचारू लागली, "तुमचं ते करडं यंत्र कुठे मिळतं हो?"

शाल्मली एकट्या यंत्राच्या भरवशावर बसणारी नव्हती. निर्यातीच्या द्राक्षांवर किती औषध उरलंय हे तपासणाऱ्या केंद्रात ती कामाला होती. दिवसभर विषाचे आकडे पाहणाऱ्या बाईला स्वतःच्या बाहीचीही भीती वाटते. घरी आल्यावर हातपाय धुऊन मग बाळाला घ्यायचं, ही रीत सगळ्यांच्याच घरी. शाल्मलीने ती टोकाला नेली. आल्या आल्या डोक्यावरून अंघोळ, उकळत्या पाण्यातून काढलेला पायघोळ झगा, केसांवर घट्ट टोपी, आणि मगच जुई. बदललेले कपडे बंद पेटीत.

"ताई, लेकीला घ्यायला निघालात का ऑपरेशनला?" कौसामावशी विचारायच्या. त्या रोज सकाळी दोन तास जुईला तेल लावायला, न्हाऊ घालायला यायच्या.

"हसा तुम्ही. आणि तुम्हीसुद्धा कोपरापर्यंत हात धुवा."

"धुते की. पण तेल चोळायचं तर हाताला कातडं पाहिजे का नको?"

दर महिन्याला 'पारखी' अहवाल द्यायचा. घरातली माणसं तीन. अ, एक्केचाळीस टक्के. आ, तेहेतीस. इ, एकवीस. शाल्मली तो बारकाईने वाचायची. अ म्हणजे अभय, तिचा नवरा. तो घरूनच काम करायचा, तेव्हा त्याचा वाटा मोठा असणारच. आ म्हणजे आई. इ म्हणजे इवलीशी जुई. इतकं सरळ होतं की कुणाला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. मावशी बाहेरच्या, तेव्हा त्या परक्यांत गेल्या असणार. बरंच आहे, असंही तिला वाटून गेलं.

जुई सोळा महिन्यांची झाली. एका रविवारी दुपारी शाल्मली डुलकी काढून उठली. डोक्यावर टोपी नव्हती, केस मोकळे, अंगात कालचाच कुर्ता. समोर जुई सोफा सोडून उभी होती. तिने एक पाऊल टाकलं. दुसरं. तिसरं.

"अभय! अभय, लवकर ये! चालली बघ!"

चौथ्या पावलाला जुई आईच्या अंगावर कोसळली आणि तिने मानेत तोंड खुपसलं. शाल्मली तिला घेऊन गरगरा फिरली. दोन मिनिटांत शिट्टी वाजू लागली.

दवाखान्यातून घरी आणल्यावरही तेच. अभयच्या कडेवर श्वास मोकळा, मावशींच्या मांडीवर मोकळा. शाल्मलीने घेतलं की शिट्टी. अखेर डॉ. बागवान यांनी सगळ्यांच्या हातांवरचे कण तपासायला घेतले, 'पारखी'ची नोंद शेजारी ठेवली आणि शाल्मलीला बोलावलं. बरोबर कौसामावशीही आल्या.

"अ म्हणजे कौसाबाई," डॉक्टर म्हणाल्या.

"मी?" मावशींनी पदर सावरला.

"अहो, त्या दोनच तास येतात!" शाल्मली म्हणाली.

"दोन तास उघड्या हातांनी चोळतात. आ म्हणजे अभय. इ म्हणजे जुई."

"आ म्हणजे आई ना?"

"यंत्राला आई माहीत नाही. ते प्रमाणाने क्रम लावतं." डॉक्टरांनी पान उलटलं. "तुम्ही इथे आहात. परक्यांच्या यादीत पहिल्या. शून्य पूर्णांक चार टक्के. तुमच्या खाली कुरिअरवाला. अंगावरचं काही घरात सांडू नये म्हणून तुम्ही जे जे केलंत, ते ते तंतोतंत साधलं. पारखीने उरलंसुरलंही उचललं. जुईच्या शरीराने तुमची हजेरी केव्हाच खोडली."

शाल्मलीने वही उघडली.

"दीड वर्ष व्हायला दोन महिने आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"आणि मला एक टक्का व्हायचंय."

"ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही जे टाकाल ते पारखी उचलणार, कारण तुम्ही परक्या. उचलतोय तोवर परक्याच राहणार. आणि तो बंदही करता येणार नाही. जुईची छाती सुजलीय, काजळी तिला सोसायची नाही."

"बंद कोण करतंय? तो उचलेल त्याहून जास्त मी टाकीन."

कौसामावशी मधेच बोलल्या. "ताई, मी अंघोळ करून, तुमची ती टोपी घालून येत जाते. माझं कमी झालं की तुमचं वाढंल."

"नाही, मावशी." शाल्मलीचा आवाज चढला. "ते तुम्ही मेहनतीने मिळवलंय. त्यातला कणसुद्धा मला नको. माझं मी मिळवते."

तिने कामावरून दोन महिन्यांची रजा टाकली, मिळायची वाट न बघता. टोपी केराच्या डब्यात गेली. डॉक्टरांनी घालून दिलेला नियम होता : एक टक्का होईपर्यंत जुईला जवळ घ्यायचं नाही, जुई बाहेर असतानाच तिच्या खोलीत बसायचं. सकाळी मावशी जुईला खाली बागेत घेऊन गेल्या की शाल्मली जुईच्या सतरंजीवर येऊन बसायची. वेणी सोडायची, केस झटकायची, खरखरीत पंच्याने दंड, पोटऱ्या, तळवे लाल होईपर्यंत घासायची.

पारखीकडून ती आता दर आठवड्याला आकडा घ्यायची. पहिल्या आठवड्याचा शून्य पूर्णांक पाच आला. दुसऱ्याचाही पाचच.

तिसऱ्या सोमवारी ती पंचा घेऊन बसली होती. खिडकीतून खालून जुईचं हसणं वर येत होतं. करडं यंत्र घुरघुरत कोपऱ्यातून निघालं, सतरंजीच्या कडेने तिच्यापर्यंत आलं, तिच्या घोट्याला थडकलं आणि थांबलं.

"कृपया पाय वर घ्या," पारखी मंजुळ आवाजात म्हणाला. "खाली परकी धूळ आहे."

शाल्मलीने दोन्ही पाय आणखी पसरले आणि पंचा पुन्हा उचलला.

"नाही घेत, जा."